बाळंतपणांची मोजदाद आणि लंडनची नोंदवही

१८८३ सालच्या डिसेंबरात डॉ. एडिथ पेची मुंबईत आल्या, तेव्हा त्यांच्या डॉक्टरकीमागे तीन देश उभे होते. शिक्षणाची सुरुवात स्कॉटलंडमध्ये झाली होती, पदवी स्वित्झर्लंडची होती आणि व्यवसायाचा परवाना आयर्लंडच्या परीक्षेवर मिळालेला होता. त्या जन्माने आणि मनाने पक्क्या इंग्रज होत्या, पण इंग्लंडात डॉक्टर म्हणून नाव लागावे यासाठी त्यांना युरोपभर फिरावे लागले होते. बायकांच्या इस्पितळासाठी सोराबजी शापूरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज या अमेरिकन व्यापाऱ्याने मुंबईत निधी उभारला होता. त्या निधीच्या निमंत्रणावरून पेचीबाई इथे आल्या. पुढे १८८६ साली सुरू झालेल्या कामा इस्पितळाची धुरा त्यांनीच वाहिली.

त्यांची वणवण समजली की पुढच्या दीडशे वर्षांचा बराचसा इतिहास समजतो. १८६९ साली एडिनबरा विद्यापीठाने त्यांच्यासह काही तरुणींना वैद्यकशाखेत प्रवेश दिला. रसायनशास्त्राच्या परीक्षेत पेची अव्वल ठरल्या, पण त्यांची शिष्यवृत्ती एका मुलाला देण्यात आली. १८७० च्या नोव्हेंबरात या मुली शरीररचनेच्या परीक्षेला निघाल्या असताना जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला आणि त्यांच्या तोंडावर फाटक लावून घेतले. शेवटी विद्यापीठाने पदवी द्यायलाच नकार दिला. पेचींनी १८७७ साली बर्नमधून एम. डी. मिळवली. पण परदेशी एम. डी. ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीत चालत नव्हती. म्हणून त्याच वर्षी डब्लिनच्या वैद्यक महाविद्यालयाची परीक्षा दिली, कारण बायकांना परीक्षेला बसू द्यायला ती संस्था तयार झाली होती. तेव्हा कुठे त्यांचे नाव नोंदले गेले.

ही नोंदवही १८५८ च्या कायद्याने जन्माला आली. त्याआधी ब्रिटनमध्ये वैद्यकीचे परवाने देणाऱ्या डझनावारी संस्था होत्या. कोण शिकलेला आणि कोण भोंदू, हे रुग्णाला कळायला मार्ग नव्हता. कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाली आणि तिच्या नोंदवहीत नाव असलेला तोच डॉक्टर, असे ठरले. ही गोष्ट चांगलीच होती, याबद्दल वाद नको. अडचण दुसऱ्याच कलमात होती. नोंदवहीतल्या माणसाला राणीच्या साम्राज्यात कुठेही व्यवसाय करता येई, मग ते मुंबई असो की मेलबर्न. साम्राज्यातल्या डॉक्टराला मात्र ब्रिटनमध्ये तसे दार उघडे नव्हते. ते दार १८८६ च्या कायद्याने किलकिले झाले. वसाहतींतल्या आणि परक्या देशांतल्या पदव्या मान्य करता येतील, पण त्या मुलखाने ब्रिटिश डॉक्टरांना तशीच वागणूक दिली पाहिजे आणि शिक्षणाचा दर्जा कौन्सिलला पटला पाहिजे, अशा त्याच्या अटी होत्या. परस्परता आणि दर्जा हे दोन शब्द पुढे प्रत्येक वादात येत राहिले.

त्याच १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून आनंदीबाई जोशी एम. डी. झाल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात बायकांच्या विभागाची जागा देऊ केली. इथे कुठल्याही कौन्सिलची परवानगी लागली नाही, कारण हिंदुस्थानात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदाच तेव्हा नव्हता. हीच पदवी घेऊन त्या लंडनला उतरल्या असत्या तर त्यांचे नाव नोंदवहीत लागले नसते. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या आणि रुजू होणे राहूनच गेले.

रखमाबाईंची वाट वेगळी ठरली. नवऱ्याने भरलेल्या खटल्यामुळे त्यांचे नाव मुंबईपासून लंडनपर्यंत गाजले होते. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, त्यामुळे वैद्यकी घरातच होती. पेचीबाईंनी त्यांच्या इंग्लंडला जाण्यासाठी खटपट केली आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाल्या. पण शिकणे लंडनला झाले तरी लंडन विद्यापीठाची पदवी त्यांच्या हाती आली नाही. परवाना त्यांनी एडिनबरा आणि ग्लासगोच्या महाविद्यालयांच्या संयुक्त परीक्षेवर मिळवला आणि एम. डी. १८९४ साली ब्रसेल्सहून. गुरू आणि शिष्या दोघींना आडवाटेनेच जावे लागले. परत आल्यावर सुरतेच्या आणि पुढे राजकोटच्या इस्पितळात त्यांनी सारे आयुष्य घातले.

पुरुषांची वाट सोपी होती असे नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. पेडण्याजवळच्या मांद्रे गावचे भाऊ दाजी लाड त्याच तुकडीतले. सरकारी वैद्यकीय सेवेतल्या वरच्या जागा, म्हणजे इंडियन मेडिकल सर्व्हिस, १८५५ मध्ये स्पर्धा परीक्षेने हिंदी लोकांनाही खुली झाली आणि पहिल्याच वर्षी सूर्यकुमार चक्रवर्ती तिच्यात निवडले गेले. परीक्षा मात्र लंडनला होई. बोटीचे भाडे, तिथला मुक्काम आणि बऱ्याचदा विलायती परवान्याची आणखी एक परीक्षा, एवढा खर्च पेलणारी घरे फार थोडी होती. बाकीचे इथेच असिस्टंट सर्जन म्हणून राहत आणि वय, अनुभव काहीही असला तरी नुकत्याच आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करत. १८९० च्या दशकात मुंबई, कलकत्ता, मद्रास यांसारख्या विद्यापीठांच्या पदव्यांना लंडनची मान्यता मिळाली, तेव्हा म्हणूनच एवढा आनंद झाला. मुंबईच्या पदवीवर थेट लंडनच्या नोंदवहीत नाव लागणे ही पैशाची बचत तर होतीच, शिवाय बरोबरीची पावतीही होती.

गोव्यात या गोष्टीचे पोर्तुगीज रूप पाहायला मिळते. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ सालची, म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजाहूनही जुनी. तिथून बाहेर पडलेले डॉक्टर मोझांबिक, अंगोलापर्यंत पोर्तुगीज साम्राज्याच्या आरोग्यखात्यात राबले. हिवताप, देवी, निद्रारोग या साऱ्यांशी आफ्रिकेत झुंजणाऱ्यांत गोमंतकीयांचा वाटा मोठा होता. पण हाच डॉक्टर लिस्बनला गेला तर गोव्याच्या पदविकेवर त्याला दवाखाना घालता येत नसे. पोर्तुगालमधल्या महाविद्यालयात पुन्हा परीक्षा द्याव्या लागत. म्हणजे आफ्रिकेतल्या रोग्यासाठी जे शिक्षण पुरेसे होते ते लिस्बनच्या रोग्यासाठी अपुरे होते. अशी वर्गवारी एकट्या इंग्रजांनी केली नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

हिंदुस्थानातला पहिला नोंदणी कायदा मुंबई इलाख्यात, १९१२ मध्ये झाला. त्यातून बॉम्बे मेडिकल कौन्सिल आली आणि मग मद्रास, बंगाल वगैरे प्रांतांनी तेच केले. पण कौन्सिली प्रांतोप्रांतीच्या होत्या. साऱ्या देशाच्या वतीने लंडनशी बोलणारे कुणी नव्हते. ही उणीव पहिल्या महायुद्धानंतर चांगलीच भोवली.

वादाचे कारण ठरले बाळंतपण.

प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीआधी ठरावीक संख्येची बाळंतपणे स्वतःच्या हाताने केलेली असावीत, असा लंडनच्या कौन्सिलचा आग्रह होता. ब्रिटनमधले विद्यार्थी ती संख्या दोन ठिकाणी भरून काढत. काही बाळंतपणे प्रसूतिगृहात होत आणि काहींसाठी त्यांना शहराच्या गरीब वस्त्यांतल्या घरी पाठवले जाई. मुंबई-कलकत्त्यात या दोन्ही वाटा अरुंद होत्या. इथली बाई घरी बाळंत होई. पहिलटकरीण माहेरी जाई, बाळंतिणीच्या खोलीत सुईण आणि घरातल्या जाणत्या बायका असत, आणि पुरुषाचे, त्यातून परक्या तरुण विद्यार्थ्याचे, तिथे काही काम नव्हते. इस्पितळात येत त्या बहुधा अडलेल्या, दोन-तीन दिवस कळा देऊन थकलेल्या बायका. कामा इस्पितळ तर बायकांनी बायकांसाठी चालवावे या अटीवरच उभे राहिले होते आणि त्या अटीमुळेच तिथे बायका विश्वासाने येत. विद्यार्थ्यांची संख्या वाढत होती, बाळंतिणींच्या खाटा त्या मानाने मोजक्याच. त्यामुळे एकेका बाळंतपणाभोवती विद्यार्थ्यांचा घोळका जमे आणि स्वतःच्या हाताने करण्याची पाळी थोड्यांनाच मिळे.

लंडनच्या कौन्सिलने विसाच्या दशकाच्या आरंभापासून याकडे बोट दाखवले. एडिनबराचे त्वचारोगतज्ज्ञ सर नॉर्मन वॉकर यांना पाहणीसाठी हिंदुस्थानात पाठवले. ते दोनदा येऊन गेले. कर्नल नीडहॅम हे सैन्यातले वैद्यकीय अधिकारी कॉलेजांचे निरीक्षक म्हणून नेमले गेले आणि त्यांचे अहवाल लंडनला जाऊ लागले. मान्यता ठेवायची तर अमुक इतक्या खाटा वाढवा, तमुक विषयाला वेगळा शिक्षक द्या, अशा सूचना येत. त्यांतल्या बऱ्याचशा योग्य होत्या आणि त्यांचा दवाखान्यांना फायदाही झाला. परळला १९२६ साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले, ते याच काळात. त्याच परिसरात त्याच वर्षी केईएम इस्पितळ आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरू झाले. सरकारी सेवेत नसलेले हिंदी डॉक्टरच तिथे शिकवतील, ही देणगीदारांची अट होती. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे प्राध्यापकी आपोआप जाण्याची रीत परळमध्ये मोडली गेली. जीवराज मेहता यांच्यासारखा लंडनहून एम. डी. होऊन आलेला माणूस तिथे अधिष्ठाता झाला.

लंडनच्या तक्रारीत तथ्य होते, हे कबूल केले पाहिजे. आपल्याकडे बाळंतपणात बायका मोठ्या संख्येने मरत होत्या. नाळ कापायला गंजका विळा, कोंदट खोली, बाळंतज्वर, हे सगळे खरे होते आणि तिथे शिकलेल्या हातांची गरज जीवनमरणाची होती. पण ज्या देशाची फूटपट्टी लावली जात होती, त्या इंग्लंडातही बाळंतपणातले मृत्यू तीसच्या दशकाच्या मध्यापर्यंत हटत नव्हते. हजार बाळंतपणांमागे चार-पाच आया तिथे दरसाल जात. हे प्रमाण सल्फा औषधे आल्यावर झपाट्याने खाली आले. तेव्हा दर्जाचा प्रश्न दोन्हीकडे होता. मुंबईच्या डॉक्टरांचा राग तपासणीवर नव्हता. तपासणी एकतर्फी होती, निरीक्षक सरकारच्याच सेवेतला होता आणि लीड्स किंवा डब्लिनचे वॉर्ड बघायला मुंबईच्या माणसाला कुणी बोलावत नव्हते, हे त्यांना सलत होते.

सरकारने मग हिंदुस्थानसाठी कायमचा वैद्यकीय दर्जा-आयुक्त नेमायचे ठरवले. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळातील लोकनियुक्त सदस्यांनी त्याला विरोध केला. आमच्या पैशाने नेमलेला अधिकारी लंडनला उत्तरदायी असणार असेल तर पैसा कशाला द्यायचा, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. तपासणीची व्यवस्थाच उरली नाही असे म्हणून लंडनच्या कौन्सिलने १९३० मध्ये हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली.

ते वर्षच मिठाच्या सत्याग्रहाचे. दोनच वर्षांपूर्वी कलकत्त्यात स्थापन झालेल्या इंडियन मेडिकल असोसिएशनने आवाज उठवला. बिधानचंद्र रॉय, जीवराज मेहता ही मंडळी डॉक्टर होती तशीच काँग्रेसचीही होती, आणि त्यांच्या दृष्टीने हा अपमान राजकीयच होता. ज्यांची नावे आधी नोंदली गेली होती त्यांना धक्का लागला नाही. नव्याने पदवी घेणाऱ्याला मात्र आता विलायतेत काम करायचे तर तिथली परवाना परीक्षा नव्याने देणे आले. एडिनबरा-ग्लासगोची संयुक्त परीक्षा पुन्हा एकदा उपयोगी पडली. रखमाबाई जिथून गेल्या होत्या त्याच वाटेने हिंदी मुले जाऊ लागली.

याच काळात विठ्ठल नागेश शिरोडकर १९३१ मध्ये इंग्लंडहून एफ. आर. सी. एस. झाले. गोव्यातल्या शिरोड्याला जन्म, हुबळीला शाळा, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण, १९२७ ची मुंबई विद्यापीठाची प्रसूतिशास्त्रातली एम. डी. म्हणजे ज्या विषयात मुंबईचे शिक्षण कच्चे ठरवले गेले, त्याच विषयात, त्याच काळात ते मुंबईला तयार झाले होते. पुढे ग्रँटमध्ये प्राध्यापक असताना, पुन्हा पुन्हा गर्भपात होणाऱ्या बायकांसाठी त्यांनी गर्भाशयाच्या मुखाला टाका घालण्याची शस्त्रक्रिया शोधली आणि १९५५ मध्ये ती प्रसिद्ध केली. आजही जगभरच्या प्रसूतितज्ज्ञांना तो टाका त्यांच्याच नावाने ठाऊक आहे. कॉलेज तपासताना खाटा आणि बाळंतपणे मोजतात ते बरोबरच, पण त्या कॉलेजातून कोण माणूस घडेल हे त्या मोजणीत येत नाही.

१९३० च्या धक्क्याचा एक चांगला परिणाम झाला. साऱ्या देशासाठी एक संस्था हवी, हे सर्वांना पटले. १९३३ मध्ये इंडियन मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला, पुढच्या वर्षी कौन्सिल कामाला लागली आणि तिने लंडनशी बरोबरीच्या नात्याने बोलणी करून १९३६ मध्ये परस्पर मान्यता पुन्हा मिळवली. १९३९ मध्ये बिधानचंद्र रॉय तिचे अध्यक्ष झाले. पण या यशाची किंमत कुणी मोजली, हेही सांगायला हवे. खेड्यापाड्यांत, तालुक्यांच्या गावी, गिरण्यांच्या वस्त्यांत सर्वाधिक रोगी पाहणारे डॉक्टर हे लायसेन्शिएट होते. चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेले, पदवीधर नसलेले. नव्या कायद्याने त्यांना बाहेर ठेवले. लंडनला मान्य होईल असा दर्जा दाखवायचा तर पदवीधरच मोजायचे, असा हिशोब होता. लंडनने वर्षानुवर्षे मुंबईशी जे केले, तेच आपण आपल्याच भावंडांशी केले, असे म्हणणे कठोर आहे खरे, पण गैर नाही.

दरम्यान गरज पडली की हीच नोंदवही किती मऊ होते, ते दुसऱ्या महायुद्धाने दाखवले. हिटलरच्या जर्मनीतून पळालेल्या ज्यू डॉक्टरांना तीसच्या दशकात ब्रिटनने हात आखडता घेऊन आत घेतले होते. जर्मनीत नावाजलेल्या प्राध्यापकालाही एडिनबरा किंवा ग्लासगोला विद्यार्थी होऊन परीक्षा द्यावी लागे, आणि ऑस्ट्रिया गिळल्यावर आलेल्यांसाठी तर आकडा ठरवून दिला होता. युद्ध सुरू झाले, ब्रिटिश डॉक्टर आघाडीवर गेले, आणि १९४१ पासून परदेशी डॉक्टरांना तात्पुरती नोंदणी मिळू लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये एडिनबरा विद्यापीठात चक्क पोलिश वैद्यकशाळा सुरू झाली. परागंदा पोलिश प्राध्यापक पोलिश विद्यार्थ्यांना शिकवत होते, आणि १९४९ मध्ये ती बंद होईपर्यंत २२७ डॉक्टर तिथून बाहेर पडले. युद्ध संपल्यावर, १९४७ च्या कायद्याने, तात्पुरत्या नोंदींतल्या अनेकांना कायम होता आले.

मग १९४८ च्या जुलैत ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि डॉक्टरांची भूक अफाट वाढली. सरकारने नेमलेल्या विलिंक समितीने मात्र १९५७ मध्ये उलटाच सल्ला दिला, की वैद्यकीय प्रवेश सुमारे एकदशांश कमी करा. काही वर्षांतच इस्पितळांत हाताखालचे डॉक्टर मिळेनासे झाले. मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून निघणाऱ्या बोटींत, आणि लवकरच सांताक्रूझहून उडणाऱ्या विमानांत, एम. बी. बी. एस. झालेली मुले बसू लागली. बेत बहुतेकांचा सारखाच असे. तीन-चार वर्षे राहायचे, एफ. आर. सी. एस. किंवा एम. आर. सी. पी. करायची आणि परत येऊन गिरगावात, दादरला किंवा पुण्यात डेक्कनवर पाटी लावायची. अनेकांनी तसे केलेही. अनेक तिथेच राहिले. शिकवणीच्या चांगल्या जागा गोऱ्यांना आणि वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णालये, वेल्सच्या खाणगावांतले दवाखाने या परदेशी डॉक्टरांना, अशी वाटणी झाली होती. तिथे जायला स्थानिक डॉक्टर राजी नसत. ब्रिटनमध्ये वृद्धांच्या वैद्यकाची शाखा उभी राहिली ती मोठ्या प्रमाणात हिंदुस्थान-पाकिस्तानातून आलेल्या डॉक्टरांच्या हातांनी. १९६१ मध्ये लॉर्ड कोहेन यांनी उमरावांच्या सभागृहात उघड सांगितले, की हे तरुण डॉक्टर आले नसते तर आरोग्यसेवा कोसळली असती. १९७१ पर्यंत इंग्लंडच्या आरोग्यसेवेतले सुमारे ३१ टक्के डॉक्टर परदेशांत जन्मून तिथेच शिकलेले होते. या सगळ्या वर्षांत मुंबईची, पुण्याची, नागपूरची पदवी लंडनला पुरेशी होती.

१९७५ मध्ये ती पुन्हा अपुरी ठरली. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालये भराभर वाढली होती आणि सगळीकडे दर्जा सारखा राहिला नव्हता. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या मेरिसन समितीच्या अहवालाने परदेशी डॉक्टरांच्या गुणवत्तेवर आणि इंग्रजीवर बोट ठेवले. त्याच वर्षी तात्पुरत्या नोंदणीसाठी चाचणी परीक्षा लागू झाली आणि भारतीय पदव्यांची मान्यता गेली. ती चाचणी थोड्याच वर्षांत प्लॅब झाली. व्यावसायिक आणि भाषिक पात्रतेची ही परीक्षा आजच्या प्रत्येक इंटर्नला ठाऊक असते. कानाखाली मारल्यासारखे वाटलेले परदेशी डॉक्टर तेव्हा एकत्र आले आणि ओव्हरसीज डॉक्टर्स असोसिएशन स्थापन झाली.

परीक्षा असणे वावगे नव्हतेच. रोग्याचे बोलणे नीट कळले नाही तर हुशार डॉक्टरही चुकतो. पण त्याच सुमारास ब्रिटन युरोपीय समुदायात गेला होता, आणि १९७५ मध्ये निघालेल्या युरोपीय निर्देशांमुळे पुढच्या वर्षाअखेरीपासून इटली, जर्मनी, फ्रान्सच्या डॉक्टरांची थेट नोंदणी होऊ लागली. त्यांना ना वैद्यकाची परीक्षा, ना इंग्रजीची. इंग्रजीतूनच शिकलेल्या पुण्याच्या डॉक्टरने भाषेची चाचणी द्यायची आणि सिसिलीच्या डॉक्टरने नाही, ही स्थिती कित्येक दशके टिकली. २००८ मध्ये जर्मनीहून एका पाळीपुरता आलेल्या डॉक्टरने केंब्रिजशरमधल्या रुग्णाला डायमॉर्फिनचा दहापट डोस दिला आणि तो रुग्ण दगावला. त्यानंतर बराच गदारोळ होऊन २०१४ मध्ये युरोपीय डॉक्टरांची भाषा तपासण्याचा अधिकार कौन्सिलला मिळाला. रुग्णाची सुरक्षितता हाच निकष असेल तर तो सर्वांना एकाच दिवशी लागू व्हायला हवा होता.

प्लॅबचे आजचे रूप अनेक मराठी घरांत तोंडपाठ आहे. आधी आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा. मग पहिला भाग, तीन तासांत १८० पर्यायी प्रश्न. दुसरा भाग मँचेस्टरला. तिथे एकामागून एक खोल्यांत नकली रुग्ण बसलेले असतात आणि मोजक्या मिनिटांत त्यांचे ऐकून, तपासून, समजावून सांगायचे असते. वाईट बातमी कशी सांगता, रागावलेल्या नातेवाइकाशी कसे बोलता, यालाही गुण असतात. आपल्या सरकारी इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी शंभर रोगी पाहिलेल्या मुलाला नेमके हेच जड जाते, कारण तिथे त्याला कुणाशी पाच मिनिटे बोलायला मिळालेलेच नसते. हा भाग त्याला शिकवणारा आहे, आणि तो आपल्याकडच्या परीक्षांतही यावा.

परीक्षा उत्तीर्ण होणे आणि नोकरी मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे २००६ साली हजारोंना समजले. त्या वसंतात ब्रिटनने परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षणासाठी परवान्याविना मिळणारी सवलत एकाएकी बंद केली. ब्रिटनमधल्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पुरेसे डॉक्टर निघू लागले होते. कर्ज काढून आलेली, प्लॅब झालेली मुले लंडनच्या ईस्ट हॅमसारख्या भागात एकेका खोलीत दाटीने राहून अर्जांवर अर्ज करत होती. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची बापिओ ही संघटना न्यायालयात गेली आणि २००८ च्या एप्रिलात उमरावांच्या सभागृहातील न्यायाधीशांनी तिच्या बाजूने निकाल दिला, की आधीच कुशल स्थलांतरित म्हणून आलेल्यांना मागाहूनच्या सूचनेने डावलता येणार नाही. पुढच्या दशकात डॉक्टरांची चणचण पुन्हा भासू लागली आणि दार पुन्हा रुंद झाले.

आपल्या बाजूचे दारही याच काळात हलत होते. ब्रिटिश पदव्युत्तर पदव्यांना भारतात बरीच वर्षे मान्यता नव्हती. लंडनहून एफ. आर. सी. एस. होऊन परतलेल्याला कायद्याच्या लेखी तज्ज्ञ म्हणवता येत नसे. मार्च २००८ मध्ये केंद्र सरकारने ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या पदव्युत्तर पदव्या मान्य केल्या. रशिया, चीन, फिलिपीन्स, युक्रेनमधून एम. बी. बी. एस.च्या तोडीची पदवी घेऊन येणाऱ्या भारतीय मुलांसाठी मात्र २००२ पासून एफएमजीई ही चाळणी परीक्षा आहे, आणि तिच्यात नापास होणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी राहिली आहे. २०२१ च्या नियमांनी अटी आणखी आवळल्या. शिक्षण किमान ५४ महिन्यांचे असावे, इंग्रजीतून व्हावे, एका वर्षाची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत झालेली असावी आणि त्या देशात व्यवसाय करण्याची पात्रता मिळालेली असावी.

कोविड आणि मग युक्रेनचे युद्ध यांत ही मुले अर्धवट घरी परतली. शेवटची सत्रे त्यांनी सांगली, लातूर, नाशिकच्या घरातून संगणकापुढे बसून केली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे म्हणणे होते की रोग्याला हात न लावता डॉक्टर होता येत नाही. ते म्हणणे बरोबरच होते. २०२२ च्या जुलैत आयोगाने त्यातल्या त्यात मार्ग काढला. जून २०२२ पर्यंत पदवी हाती आलेल्या, शेवटच्या वर्षी घरी यावे लागलेल्या मुलांना चाळणी परीक्षेला बसू द्यायचे आणि उत्तीर्ण झाल्यावर एक वर्षाऐवजी दोन वर्षे इथल्या इस्पितळात इंटर्नशिप करायला लावायची. त्या दोन वर्षांच्या फिरतीत मेडिसिनचा, शस्त्रक्रियेचा, बालरोगांचा विभाग येतो, तसाच प्रसूतिविभागही येतो. तिथल्या नोंदी सहीनिशी पूर्ण झाल्यावरच राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे कायम नोंदणीचा अर्ज करता येतो.